ट्रेलर लावला की खटका पडते

कोहक्यातल्या त्या गल्लीत मनकर्णाबाईच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. भाजीवाला तिच्या फाटकाशी आला की तराजू दोनदा झटकून दाखवी, अन् दूधवाला माप सांडेपर्यंत भरी. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीही अर्धी बकऱ्यांमागे गेलेली. पण जीभ अशी की शिकल्यासवरल्यांनी तिच्यासमोर खाली बघावं.

अशा बाईनं आयुष्यात मोजून दोन माणसांचं कौतुक केलं. एक नवऱ्याचं, तेही तो घरात नसताना. अन् दुसरं सुनेचं, तेही ती घरात नसताना.

सून गीतांजली. लाखनीची पोरगी. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन आली, अन् आता हथखोजच्या एका कारखान्यात विजेची पॅनल बनवते. लग्नाच्या वेळी बायका कानात कुजबुजल्या होत्या, पोरीच्या जातीनं तारा जोडाच्या म्हणजे काय! तेव्हा मनकर्णाबाईनं भरल्या मांडवात सांगितलं होतं, "तुमच्या घरी बल्ब गेला तर तुमी नवऱ्याची वाट पाहता. माझी सून पाहणार नाई." पण घरात मात्र सुनेला ऐकू येईल असं म्हणायची, "सून आणाले गेलो होतो, लाइनमन घेऊन आलो." गीतांजली हसायची, स्कूटीला किक मारायची अन् ड्यूटीवर जायची. तिला सासूचं बोलणं कधी कुठं लागलेलं दिसलं नाही. मनकर्णाबाईला याचं फार नवल वाटे. आपलं बोलणं लागत नाही असं माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आता गोष्ट ट्रेलरची.

मनकर्णाबाईचे मालक जानराव पोलादाच्या प्लांटातल्या कोक ओव्हनच्या भट्टीवरून रिटायर झालेले. छाती विडीनं खाल्लेली. दोन वर्षांपासून नाकात नळी अन् खाटेशेजारी ऑक्सिजनची मशीन. मशीन विजेवर घुरघुरत चाले, तेवढा वेळ जानराव बोलत, हसत, बायकोशी भांडत. एक तास बंद पडली तर ओठ निळे होत.

जानरावांना एकच बहीण, ठकूबाई. साकोलीच्या पुढं तिचं गाव. माय गेली तेव्हा जानराव दोन वर्षांचे अन् ठकूबाई बारा वर्षांची. तिनंच कडेवर घेऊन त्यांना मोठं केलं. आता तिची कंबर मोडलेली, खाटेवरून उठणं नाही. अन् परवा सकाळी तिचा लेक तिला कायमचा नाशिकला घेऊन जाणार होता. बहीणभावानं एकमेकांना बघायचं तर उद्याच. पुढं बघणं होईल असं दोघांपैकी कोणालाच वाटत नव्हतं, अन् तसं कोणी बोलतही नव्हतं.

गावच्या घरात जानराव राहू शकत नव्हते. चूल, धूर, उंच उंबरे, अन् संडास अंगणाच्या पार टोकाला. म्हणून प्रवीणनं, म्हणजे त्यांच्या लेकानं, आपल्या हथखोजच्या शेडमध्ये तीन महिने खपून चाकावरची खोली बनवली होती. लोखंडी सांगाडा, आतून प्लायवूड, एक पलंग, एक पंखा, छोटा संडास, मशीन ठेवायला कोनाडा. जीपच्या मागं जोडायची. रस्त्यात जानराव जीपमध्ये बसणार, सोबत सिलिंडर. गावात पोचलं की खोली अंगणात उभी करायची, घरच्या लाइनीवर तिची केबल लावायची, अन् मशीन आत सुरू.

डॉक्टरनं परवानगी दिली, पण एक अट घातली. "त्या ट्रेलरमध्ये मशीन आठ तास सलग चालवून बघा. एकदाही बंद पडली तर नेऊ नका. मी नंतर ऐकून घेणार नाही."

शेडमध्ये ट्रेलरचा पंखा-दिवा दोन दिवस चालला होता, काही कुरकुर नाही. काल संध्याकाळी प्रवीणनं ट्रेलर घरी आणून अंगणात उभा केला. आठ तासांची परीक्षा आज सकाळपासून.

अन् काल संध्याकाळी, प्रवीण जीपमध्ये डिझेल भरायला गेलेला अन् सून ड्यूटीवर, तेव्हा मनकर्णाबाईनं एकटीनं ट्रेलरची पूजा केली. गाडीची पूजा तिला पाठ होती. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, पुढं नारळ. पण ह्याला ना बॉनेट, ना इंजिन. पुढून बघा की मागून, सारखाच. आरतीचं ताट घेऊन ती दोन फेऱ्या मारून आली. ह्याचं तोंड कुठं? मग बाजूला, कमरेच्या उंचीवर, तिला झाकणाचा निळा डबा दिसला. प्रवीण म्हणाला होता, माय, इथून लाइन आत जाते. झालं तर मग. जिथून जेवते तेच तोंड. तिनं झाकण उघडलं, आतल्या तीन पितळी दांड्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला अन् त्याचं पाणी ओंजळीनं डब्यात सोडलं. "घे बापा. पहिला घास माझ्या हातचा. माझ्या माणसाले नीट घेऊन जा, नीट घेऊन ये." मग झाकण घट्ट लावलं. अर्धवट काम तिला कधी आवडलं नाही.

सकाळी सातला प्रवीणनं केबलचं एक टोक त्या निळ्या डब्यात खोचलं अन् दुसरं ओसरीतल्या सॉकेटमध्ये. बटण दाबलं.

फट्!

घर बंद. पंखा बंद, फ्रिज बंद, अन् आतून जानरावांची मशीन पिसाळल्यासारखी पीं पीं ओरडायला लागली.

मनकर्णाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. जानराव खाटेवर उठून बसलेले, डोळे मोठे झालेले. पण तिच्या आधी गीतांजली तिथं पोचली होती. तिनं सिलिंडरची नळी लावली, मशीनचा प्लग काढून इन्व्हर्टरच्या सॉकेटला जोडला, मशीन पुन्हा घुरघुरली, मग सासऱ्याचं बोट चिमट्यासारख्या मीटरमध्ये धरून ऑक्सिजनचा आकडा बघितला. सगळं मिळून मनकर्णाबाईचा एक श्वास होईपर्यंत.

"ब्याण्णव. ठीक आहे. बाबा, मशीन आता इन्व्हर्टरवर. घराची लाइन कितीदाही जाऊ द्या, तुमची जाणार नाही. चार घंटे बिनधास्त."

"चार घंट्यानंतर?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"त्याच्या आत शोधते ना, आई."

हे ती अशा आवाजात म्हणाली जशी कोणी म्हणावं, जरा भाजी बघून येते.

बाहेर तोवर शेजारचे देवराव फाटक उघडून आले होते. हे प्लांटच्या ऑफिसात क्लार्क होते, पण रिटायर झाल्यापासून त्यांना सगळ्यातलं सगळं येत होतं.

"वहिनी, काय झालं? लाइट गेली का?"

"तुमच्या घरची हाये ना? मंग आमचीच गेली."

देवरावांनी भिंतीवरची पेटी उघडली, आतला पडलेला खटका बघितला अन् जाणत्यासारखी मान हलवली. "हा ईएलसीबी हाये. लई नाजूक राह्यते. याले बायपास करून टाका, प्रवीण. दोन तारा डायरेक्ट जोडल्या का झालं. आमच्या घरी मी तेच केलं."

प्रवीणनं बायकोकडं बघितलं. त्याच्या तोंडावर घाम होता. आठ तास मोजायचे होते अन् घड्याळ थांबत नव्हतं. "गीता, आजच्यापुरतं?"

"नाही."

"अगं, एक दिवस..."

"हा खटका नाजूक नाही, काकाजी, हा पहारेकरी आहे," गीतांजली म्हणाली. आवाज चढलेला नाही, हात पेटीच्या झाकणावर. "जितकी करंट घरातून जाते तितकीच परत आली पाहिजे. वाटेत कुठं गळून राहिली तर हा लाइन तोडते. बाबा लोखंडाच्या खोलीत झोपणार, नाकात ऑक्सिजन. अन् आपण पहारेकऱ्यालाच घरी पाठवाचं? करंट त्या लोखंडात उतरली तर पहिला हात कोणाचा लागेल? बाबांचा. नाहीतर आईंचा."

देवराव म्हणाले, "मी आपलं सुचवलं."

"सुचवलं ते ऐकलं," मनकर्णाबाई म्हणाली. "आता घरी जाऊन तुमचा पहारेकरी पयले बोलवा. बायको लेकरं राह्यतात तिथं."

देवराव घरी गेले नाहीत, फाटकाशी जाऊन उभे राहिले. तोंडानं नाही म्हणायला तर सगळेच धजतात, मनकर्णाबाईच्या मनात आलं, पण घरातला माणूस तोंडाला फेस येईपर्यंत घाई करत असताना हळू आवाजात नाही म्हणायचं, त्याला वेगळी छाती लागते. ते ती मोठ्यानं बोलली नाही. मोठ्यानं म्हणाली, "बोलून राहिली का काम करून राहिली?"

गीतांजलीनं ओढणी कमरेला बांधली अन् पहिला प्रश्न केला. "शेडमध्ये चालत होता. इथं चालत नाही. कालपासून आजपर्यंत काय बदललं? सगळे सांगा."

"गादी टाकली," प्रवीण म्हणाला. "कोनाड्याले दोन स्क्रू मारले. रस्त्यानं आणला, हादरे बसले असतील."

"बाबा?"

"मी तर खाटेवर होतो वो," आतून जानराव.

"आई, तुम्ही काही हात लावला?"

"मी?" मनकर्णाबाई तडकली. "मले काय काम तुमच्या तारांशी? मी फक्त पूजा केली. बाकी काही नाई."

गीतांजलीनं मान डोलावली. पूजा म्हणजे हात लावणं, असं कोणी धरत नाही. तिनंही धरलं नाही.

मग तिनं खिशातून दोरा ओवलेलं एक लाल पत्रं काढलं, टिनाचा तळहाताएवढा तुकडा. त्यावर रंगानं लिहिलेलं होतं, अन् ते तिनं ओसरीतल्या सॉकेटच्या बटणाला अडकवलं. दुसरं तसंच ट्रेलरच्या निळ्या डब्याशेजारी लटकवलं.

"हे काय तोरण?"

आतून जानरावांनीच उत्तर दिलं. खिडकीतून त्यांना ओसरी दिसत होती, अन् ते लाल पत्रं बघून त्यांचे डोळे उजळले होते. "टॅग हाये तो, मनकर्णा. आमच्याकडं असाच होता. मशीनीवर काम चालू असलं का आपल्या नावाचा टॅग लावाचा. अन् ज्यानं लावला त्यानंच काढाचा. मोठा साहेब आला तरी त्यानं हात नाई लावाचा. एका टॅगच्या मागं एक जीव असते." एवढं बोलून त्यांना दम लागला, पण बोलायचं सोडलं नाही. "पोरगी पक्की प्लांटवाली हाये."

गीतांजलीनं घरातली इस्त्री आणली, ओसरीतल्या त्याच सॉकेटला लावली, खटका वर केला. इस्त्री तापली. खटका पडला नाही. "सॉकेट चांगलं."

मग इस्त्री काढून नुसती केबल लावली, तिचं दुसरं टोक सुक्या पाटावर मोकळं ठेवलं. खटका तसाच. "केबल चांगली."

मग ट्रेलरमध्ये गेली. पंखा, दिवा, मशीनचं सॉकेट, एकेक करून सगळे बंद केले, शेवटी आतला मेन खटकाही खाली पाडला. म्हणजे ट्रेलरच्या पोटात आता काहीच चालू नव्हतं. केबल निळ्या डब्यात खोचली, सगळ्यांना लोखंडापासून दूर उभं केलं, बटण दाबलं.

फट्!

"बघा," ती म्हणाली, अन् तिच्या तोंडावर चक्क आनंद होता. "पंख्यात नाही, दिव्यात नाही, मशीनच्या लाइनीत नाही. सगळं बंद असून पडला. म्हणजे गळती मेन खटक्याच्या अलीकडं. डब्यापासून मेनपर्यंत, बस्स. सहा फूट."

मनकर्णाबाईनं आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं बघितली होती. बहुतेकांची हुशारी जास्त बोलण्यात होती. ही पोरगी मात्र एकेक गोष्ट उचलून बाजूला ठेवत होती, जसं तांदळातले खडे वेचावेत. घाई नाही, चिडणं नाही, कोणावर बोट नाही. खडा कुठं आहे हे माहीत नसताना खडा सापडणारच हे माहीत असल्यासारखी. मनकर्णाबाई स्वतः तांदूळ निवडायची तेव्हा तिच्या हातालाही असंच होई. पण तिनं कधी विजेच्या तारा तांदळासारख्या निवडलेल्या बघितल्या नव्हत्या.

प्रवीणचा चेहरा मात्र पडला. "सहा फूट म्हणजे पलंगामागून जाते ती तार. प्लायच्या मागं. माझाच स्क्रू घुसला असंल तिच्यात. मीच मारले ना काल दोन." तो ट्रेलरच्या पायरीवर बसला. "पलंग काढा, प्लाय काढा, तार बदला, परत लावा. संध्याकाळ होईल. मंग आठ घंटे कधी चालवाचे? नाई होत, गीता. आत्याले फोन करून देतो."

आत खाटेवर जानरावांनी हे ऐकलं. ते म्हणाले, "राहू दे बेटा. फोनवर बोलून घेतो मी. फोनवर बी चांगलं ऐकू येते." अन् भिंतीकडं तोंड करून घेतलं.

मनकर्णाबाईनं खिडकीतून त्यांची पाठ बघितली. ह्या माणसानं छत्तीस वर्षांत तिच्याकडं एक गोष्ट मागितली नव्हती. भाजीत मीठ नसलं तरी मागितलं नव्हतं.

"फोन कोणी करणार नाही," गीतांजली म्हणाली. "प्रवीण, तुम्ही पलंगाचे स्क्रू सैल करून ठेवा, पण काढू नका. पहिले सोपं ते उघडाचं. मी बाबांचा आकडा बघून येते, मग डबा उघडते."

"डबा तर नवाकोरा हाये. सीलबंद आणला होता."

"तरी उघडते."

ती आत गेली. प्रवीण ट्रेलरमध्ये शिरला. देवराव फाटकाशी फोनवर कोणाला तरी ईएलसीबी समजावून सांगत होते. मनकर्णाबाई पदरानं कपाळ पुसत ट्रेलरपाशी एकटी उभी राहिली.

अन् तिला मुंग्या दिसल्या.

बारीक, लाल, चाकावरून चढलेल्या. सरळ एका ओळीत, लोखंडावरून, निळ्या डब्याकडं. झाकणाच्या फटीतून आत जात होत्या अन् दुसरी ओळ बाहेर येत होती.

जन्मभर स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला मुंग्या काही सांगायला लागत नाहीत. मुंग्या आहेत म्हणजे गोड आहे. गोड आहे म्हणजे कोणीतरी सांडलं आहे. अन् त्या डब्यात गोड सांडणारं ह्या घरात एकच माणूस होतं.

काल संध्याकाळची आपली ओंजळ तिला दिसली. घे बापा, पहिला घास.

केबल काढलेली होती. डबा तिच्या हाताच्या अंतरावर होता. कमरेला ओलं फडकं खोचलेलं होतं. झाकण उघडायचं, दोन वेळा फडकं फिरवायचं, मुंग्या झटकायच्या, झाकण लावायचं. सून येईपर्यंत काम खतम. खटका पडणार नाही, कोणी विचारणार नाही, अन् देवराव गल्लीभर सांगत फिरणार नाही की मनकर्णाबाईनं ट्रेलरला नारळपाणी पाजलं. ज्या बाईनं गल्लीतल्या प्रत्येकाच्या चुका तोंडावर फेकल्या, तिची चूक म्हणजे लोकांना दिवाळी.

तिनं फडकं उपसलं. हात झाकणापर्यंत गेला.

झाकणाशी ते लाल पत्रं लटकत होतं. तिनं ओठ हलवत अक्षरं जुळवली. का म. चा लू. हा त. ला वू. न ये. खाली नाव. गी तां ज ली.

एका टॅगच्या मागं एक जीव असते.

तो जीव आत भिंतीकडं तोंड करून पडला होता.

मनकर्णाबाईनं हात मागं घेतला. मग तिनं अशी हाक मारली की देवरावांच्या हातून फोन निसटला. "गीता! गीता वो! इकडं ये लवकर! अन् प्रवीण, त्या पलंगाले हात लावला तर हात तोडीन! तुझ्या स्क्रूचं काही नाई. माझं हाये!"

गीतांजली धावत आली.

"ह्या मुंग्या पाह्य ना."

गीतांजलीनं मुंग्या बघितल्या. मग सासूकडं बघितलं.

"काल पूजा केली ना मी," मनकर्णाबाई म्हणाली. मान ताठ, आवाज ताठ, हातात फडकं. "ह्याले तोंड सापडेना. मले हाच डबा तोंडासारखा दिसला. हळदकुंकू लावलं. अन् नारळाचं पाणी पाजलं. पुरं नारळभर."

फाटकाशी देवरावांच्या घशातून आवाज आला. मनकर्णाबाईनं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. आवाज परत घशात गेला.

गीतांजली हसली नाही. तिनं बटण पुन्हा एकदा तपासलं, मग चार स्क्रू काढून डबा उघडला. आत तीन पितळी दांड्यांच्या मुळाशी, केबल खोचताना दिसत नव्हता असा पिवळा-लाल चिखल झालेला, चिकट, अजून ओलसर, एका दांडीपासून दुसरीपर्यंत पूल बांधल्यासारखा. त्यावर मुंग्यांची जत्रा.

"हेच," ती म्हणाली. "आई, हाच आपला चोर. हळद, कुंकू, नारळाचं पाणी. ह्या ओल्या लगद्यातून करंट चालत जाऊन राहिली होती." मग थेट सासूच्या डोळ्यात बघून म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. काय बदललं म्हणून."

"पूजेनं काय बदलते? पूजा तर पूजा!"

"आज बदललं ना."

ह्या घरात मनकर्णाबाईला तोंडावर असं कोणी बोललेलं प्रवीणला आठवत नव्हतं. मनकर्णाबाईलाही आठवत नव्हतं. पोरगी खरं बोलत होती अन् एवढंच बोलत होती. वर काही टाकलं नव्हतं, खाली काही लपवलं नव्हतं.

"हो," मनकर्णाबाई म्हणाली. "बदललं."

"फडक्यानं पुसाचं होतं ना तुम्हाला?" गीतांजलीनं तिच्या हाताकडं बघून विचारलं.

"पुसाचं होतं."

"मग कावून नाही पुसलं?"

"तुझा टॅग होता."

आता मात्र गीतांजलीच्या तोंडावर काहीतरी आलं. हसू म्हणावं तर हसू नव्हतं. ती म्हणाली, "पुसलं असतं तर वरवर चाललं असतं. ओल आत राहिली असती. उद्या गावात, अंधारात, परत पडला असता." अन् पुढं, हळू, "तिथं मग मला मुंग्या दिसल्या नसत्या, आई."

आतून जानरावांचा आवाज आला. खोकला होता की हसणं ते आधी कळलं नाही. "नारळपाणी पाजलं! अवो, मले छत्तीस वर्षांत कधी पाजलं नाई!"

"तुमाले तोंड सापडते ना बरोबर? मंग गप बसा!" मनकर्णाबाई ओरडली. पण ते भिंतीकडून इकडं वळले होते, हे तिनं खिडकीतून आधी बघून घेतलं.

प्रवीण हुडको वस्तीतल्या दुकानातून नवा डबा घेऊन आला, कारण गीतांजली म्हणाली, चिखलात बसलेल्या दांड्यांवर बाबांचा जीव लावाचा नाही. तिनं जुना काढला, तारांची टोकं कापून नवी केली, सुक्या कापडानं जागा पुसली, नवा बसवला. मग प्रवीणनं येताना हथखोजवरून आणलेलं, गळती तपासायचं एक काळं मीटर लावून त्याचं बटण दाबलं अन् काटा वर जाऊन थांबला तशी मान डोलावली. सासऱ्याची मशीन ट्रेलरच्या कोनाड्यात आली. खटका वर गेला.

सगळे उभे राहिले. दहा म्हणेपर्यंत कोणी हललं नाही. देवरावसुद्धा.

मशीन घुरघुरत होती.

गीतांजलीनं आपले दोन्ही टॅग स्वतःच्या हातानं काढले अन् खिशात घातले. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या दिवशी मनकर्णाबाई ट्रेलरपासून हलली नाही. तिथंच खुर्ची टाकून तिनं भाजी निवडली, तिथंच जेवली, अन् जो विचारायला आला त्याला सांगितलं, "माझ्यामुळं बिघडला होता. नारळ पाजला मी. सुनेनं बिघाड हुडकला." लोक हसायच्या तयारीनं येत अन् तिनंच आधी सांगितल्यामुळं त्यांना हसायला जागा उरत नसे. मग ती पुढं सांगे, "सहा फुटांत आणून ठेवला चोराले तिनं. सहा फुटांत! दाखवा अशी कोणाची." दूधवाल्याला तर तिनं ईएलसीबीही समजावला. "डबाभर दूध गेलं अन् पाऊणच घरी पोचलं, तर वाटेत कोणीतरी पेलं ना? तसं हाये ते. तुमच्या डब्याले बी एक लावाले पायजे."

सहा वाजून वीस मिनिटांनी आठ तास झाले. एकदाही बंद पडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेलर ठकूबाईच्या अंगणात उभा राहिला. गीतांजलीनं आधी त्या घरची लाइन, तिथलं सॉकेट, त्याची अर्थिंग सगळं तपासलं. अर्थिंगची तार मधेच तुटलेली निघाली, ती जोडली, अन् मगच केबल लावली. मशीन सुरू झाली. चार माणसांनी ठकूबाईची खाट उचलून ट्रेलरच्या दाराशी आणली. जानराव पायरीवर बसले होते, नाकात नळी. ठकूबाईनं हात लांब करून भावाचं तोंड चाचपलं, गालांवरून, नाकावरून, नळीवरून.

"नळी लावून आला रे," ती म्हणाली. "पण आला."

जानरावांनी बहिणीचा हात धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं ठकूबाईला आठवलं. भाऊ पहिल्यांदा एवढ्या मोठ्या गाडीतून आला. तिनं आपल्या सुनेला हाक मारली, "आम्रपाली, नारळ आण वो! ताट आण! गाडी ओवाळली नाई अजून!"

आम्रपाली ताट घेऊन आली. ट्रेलरच्या भोवती फिरली, पुढून बघितलं, मागून बघितलं. मग तिची नजर बाजूच्या निळ्या डब्यावर थांबली अन् तिनं कुंकवात बोट बुडवलं.

"थांब!" मनकर्णाबाई अंगणाच्या ह्या टोकावरून अशी गेली की तिची गुडघेदुखी मागंच राहिली. तिनं दोन हात पसरून डब्यासमोर उभं राहून सांगितलं, "इथं नाई. चाकाले लाव. पायरीले लाव. माझ्या कपाळाले लाव, पायजे तर. पण ह्या डब्याले नाई."

"कावून, मामी?"

मनकर्णाबाईनं सुनेकडं बघितलं. गीतांजली उरलेली केबल गुंडाळत बसली होती, ऐकत होती, बघत नव्हती.

"ह्याच्यावर आमच्या गीताचा टॅग हाये," मनकर्णाबाई म्हणाली.

टॅग तिथं नव्हता. गीतांजलीच्या खिशात होता. आम्रपालीनं डब्याकडं बघितलं, काही दिसलं नाही, पण मामीच्या तोंडाला लागायची तिचीही छाती नव्हती. तिनं वाकून चाकाला कुंकू लावलं.

गीतांजली उठली. तिनं खिशातून लाल पत्रं काढलं, सासूच्या खांद्यावरून हात नेऊन ते डब्याला अडकवलं, अन् पाणी प्यायला आत गेली.

मनकर्णाबाईनं पत्रं सरळ केलं. मग तोंड सुनेकडं नाही तर सगळ्या अंगणाकडं करून, सून ऐकेल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "पाहून घ्या. सून अशी राह्यते."